पासष्ट ग्रॅम प्रथिनं

मापसाहेबांच्या रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी निघालं, ही बातमी खुद्द मापसाहेब घरी पोचायच्या आधीच इमारतीत पोचली होती. दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याला धरून दम खात उभे होते, तेवढ्यात वरून शेजारच्या काकूंचं डोकं बाहेर आलं.

"दोन पूर्णांक आठ म्हणे?"

"हो."

"अरेरे. आमच्या थोरल्या भावाचं तीन होतं, तरीसुद्धा..."

"तरीसुद्धा काय?"

"काही नाही हो. तुम्ही चढा सावकाश."

बातमी फोडणारी व्यक्ती औषधांची पिशवी घेऊन मागून चढत होती आणि जिन्याची फरशी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्यासारखी पाहत होती. तिला इमारतीतले सगळे वहिनी म्हणत. वहिनींच्या पोटात काही राहत नसे. अपवाद फक्त दोन मूत्रपिंडांचा, आणि त्यातलंही एक त्या नवऱ्याला द्यायला निघाल्या होत्या.

तपासण्या झाल्या होत्या, रक्त जुळलं होतं, तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत सगळ्यांचं वहिनींचं कौतुक करून झालं होतं. अडलं होतं ते मापसाहेबांपाशी. ऑपरेशन करणारे सर्जन मोजकं बोलणारे. त्यांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाईंची किडनी तयार आहे. तुम्ही तयार नाही. रक्तातली प्रथिनं इतकी कमी असताना मी टाके घातले तर ते धरायचे नाहीत. साडेतीनच्या वर आणा, मग माझ्याकडे या. तोपर्यंत डायलिसिस चालू."

डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, हातात दोन जाड सुया आणि शेजारी घरघरणारं यंत्र. मापसाहेबांना हे वर्षभर चालू होतं आणि त्यांना त्या खुर्चीतून उठायचं होतं. माणूस मुळात चिवट. वजनमापं खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक. त्यांची सावली दारात पडली की दुकानदार पारड्याखाली चिकटवलेलं काहीबाही नखांनी खरवडायला लागत. तर असा माणूस साडेतीनला घाबरतो होय? त्यांनी घरी येऊन पंखा लावला आणि जाहीर केलं, "महिन्याभरात आणतो."

आता यात एक मेख होती. डायलिसिस सुरू व्हायच्या आधीची तीन वर्षं डॉक्टर नेमकं उलटं सांगत होते. प्रथिनं कमी खा, दुखऱ्या किडनीवर भार टाकू नका. वहिनींनी त्या काळात घरातली अंडी हद्दपार केली होती. मासेवाली दारावरून ओरडत गेली की त्या खिडकी लावून घेत. आणि आता हेच डॉक्टर म्हणत होते, जास्त खा. डायलिसिसच्या यंत्रातून कचऱ्याबरोबर थोडी प्रथिनंही वाहून जातात, ती भरून काढा. डॉक्टरांचं बरोबरच होतं. पण इमारतीला फक्त पहिला अध्याय पाठ होता. त्यामुळे वहिनी अंड्यांचा ट्रे घेऊन वर चढल्या तेव्हा काकू दार अडवून उभ्या राहिल्या.

"अगं, किडनीवाल्याला अंडी? विष गं ते!"

"काकू, आता चालतं. उलट हवंच असतं."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर."

"डॉक्टर काय, आज हे म्हणतात उद्या ते," काकू म्हणाल्या, आणि हे वाक्य दुर्दैवाने खरं असल्यामुळे वहिनी ट्रे सावरत बाजूने निघून गेल्या.

सर्जननी आहारवाल्या मॅडमकडे पाठवलं होतं. मॅडमच्या दाराबाहेर रांग एवढी की आत गेलेला माणूस बसेपर्यंत त्याची वेळ संपत असे. आत एकालाच प्रवेश, त्यामुळे वहिनी बाहेर. मॅडमनी वजन विचारलं, चोपन्न किलो; काहीतरी गुणाकार केला; भराभर बरंच बोलल्या. मापसाहेबांचा बोलण्यावर विश्वास नव्हता. दुकानदारही भराभर बरंच बोलत. त्यांनी फक्त कागद घेतला. कागदावर लिहिलं होतं: प्रथिने, रोज ६५ ग्रॅम. अंड्यातला पांढरा भाग, मासे, चिकन. पिवळा बलक नको.

मापसाहेबांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तेज आलं. पथ्य म्हणजे आजवर नुसती मोघम भाषा: बेताने घ्या, जपून खा, चवीपुरतं. आणि इथे एक आकडा! ग्रॅममध्ये!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातून खात्याने निवृत्तीच्या दिवशी भेट दिलेला तराजू काढला. पितळी, काचेच्या पेटीतला. ओट्यावर ठेवून तो समतल आहे की नाही हे त्यांनी बशीत पाणी घेऊन तपासलं. वहिनींनी दोन अंडी उकडली, बलक काढले. पांढरं पारड्यात गेलं. सहासष्ट ग्रॅम. मापसाहेबांनी सुरी मागितली, नखाएवढा तुकडा कापला आणि तो वहिनींच्या बशीत ठेवला.

"हे काय?"

"एक ग्रॅम जास्त होतं."

"आणि दुपारी?"

"दुपारी भात, भाजी, ब्रेड. प्रथिनं झाली आजची."

वहिनींनी पारड्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या दंडाकडे पाहिलं. सदऱ्याच्या बाहीत तो दंड घंटेतल्या लोलकासारखा हलत होता. "अहो, एवढंसंच? एवढ्याने काय होणार? एकदा मॅडमना फोन..."

"कागदावर काय लिहिलंय?"

"पासष्ट."

"मग?"

तेहतीस वर्षं संसार केलेल्या बाईला 'मग?' या शब्दापुढे बोलून काय होतं ते ठाऊक असतं. वहिनींनी बशी उचलली. पण त्यांचं मन मानेना. दोन दिवसांनी त्यांनी माशाचा तुकडा भाताखाली लपवून वाढला. मापसाहेबांना तो काट्याच्या पहिल्याच टोचणीत सापडला आणि त्यानंतर अर्धा तास त्यांनी ग्राहकाची फसवणूक या विषयावर बायकोला ऐकवलं. मासा मांजरीने खाल्ला. तिचं अल्ब्युमिन उत्तम असावं.

महिना असा काटेकोर गेला. मापसाहेबांनी एक दिवस चुकवला नाही, एक ग्रॅम इकडेतिकडे नाही. चाचणी झाली. आकडा आला दोन पूर्णांक सहा.

"कमी झालं," वहिनी म्हणाल्या.

"प्रयोगशाळेचं यंत्र तपासलंय का कुणी?" मापसाहेब म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. त्या दिवशी जिन्यात त्यांना दोनदा बसावं लागलं, आणि दुसऱ्यांदा बसले ते काकूंच्या दारातच, म्हणजे अपमानाने जागासुद्धा नेमकी निवडलेली.

यानंतर सल्ल्यांचा जो पूर आला त्यात माणूस वाहूनच जायचा. काकूंनी सांगितलं, उपास करा. काकूंच्या सुनेने सांगितलं, फक्त डाळीचं पाणी प्या. पाणी आधीच मापात असलेल्या माणसाला हे सांगायला धाडस लागतं. आणि तळमजल्यावर ज्याची व्यायामशाळा होती तो पैलवान, ज्याला मान म्हणून काही नव्हतीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं, तो बगलेत भलामोठा डबा घेऊन वर आला.

"साहेब, प्रोटीन! एक किलो! माझ्याकडून भेट. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी. बघा महिन्यात कसे होता."

"कसा?"

"माझ्यासारखे!"

मापसाहेबांनी स्वतःला पैलवानासारखं कल्पून पाहिलं आणि ते वहिनींच्या नजरेनेही पाहिलं. पण माणूस प्रेमाने आला होता. डबा त्यांनी घेतला, मात्र उघडला नाही. पुढच्या डायलिसिसला तो बरोबर नेऊन मोठ्या सिस्टरना दाखवला. मोठ्या सिस्टर म्हणजे त्या वॉर्डचं सर्वोच्च न्यायालय. त्यांनी डब्यामागची बारीक अक्षरं हात लांब करून वाचली.

"फॉस्फरस बघितलंत? पोटॅशियम? हे ज्याच्या किडन्या धडधाकट आहेत त्याच्यासाठी. तुम्ही घेतलंत तर एक दिवस हृदय बंद पडेल. डब्याला हात लावायचा नाही. कळलं?"

शेजारच्या खुर्चीतले ड्रायव्हरकाका, ज्यांनी हयातभर बस चालवली होती आणि आता यंत्राला बांधून बसणं म्हणजे कायमचा लाल सिग्नल असं म्हणत, ते हसले. "साहेब, फुकटची गाडी मिळाली तरी आधी ब्रेक बघावेत."

आता खायचा नाही तर डब्याचं करायचं काय? मापसाहेबांनी तो घरी आणून तोलला. सवयीचे गुलाम आपण सगळेच. मग पावडर पातेल्यात ओतली, रिकामा डबा तोलला, वजाबाकी केली. त्यांचे कान लाल झाले.

"नऊशे बासष्ट!"

"काय नऊशे बासष्ट?"

"एक किलो लिहिलंय आणि आत नऊशे बासष्ट! अडतीस ग्रॅम खाल्ले!"

"अहो, तुम्ही तर खाणारच नाही आहात..."

"तत्त्वाचा प्रश्न आहे!"

अशा रीतीने, पायात त्राण नसलेला, साडेतीनकडे निघालेला माणूस पावडर परत भरलेला डबा घेऊन रिक्षाने आपल्या जुन्या कार्यालयात तक्रार करायला गेला. वहिनी बरोबर. त्यांना वाटलं, चला, घरात झुरण्यापेक्षा बरं.

कार्यालयात मापसाहेबांच्या खुर्चीत त्यांचाच जुना हाताखालचा माणूस बसला होता. तो उठून उभा राहिला, चहा मागवला, मग साहेबांचं पाणी मापात असल्याचं आठवलं आणि अर्धाच आणायला सांगितला. डबा हातात घेऊन म्हणाला, "साहेब, सील फुटलंय."

"मीच फोडलं. त्याशिवाय निव्वळ वजन कसं कळणार?"

"सील फुटलेल्या मालाची तक्रार घेता येत नाही साहेब."

"कोण म्हणतं?"

तो खजील झाला. "तुमचंच परिपत्रक आहे. भिंतीवर आहे बघा."

भिंतीवर होतं. खाली सही मापसाहेबांची, लांबलचक शेपटीची. मापसाहेबांनी स्वतःच्या सहीकडे असं पाहिलं की ती पुसली जायला हवी होती. वातावरण हलकं करावं म्हणून तो बिचारा डब्यावरची अक्षरं मोठ्याने वाचायला लागला. "शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं बहात्तर ग्रॅम... वा."

"बहात्तर? शंभर का नाही? प्रोटीनचा डबा आहे ना? उरलेले अठ्ठावीस कुठे गेले?"

"साखर, पीठ, काहीबाही असतं ना साहेब. ते आपलं खोकंच समजायचं."

कार्यालयात पंखा फिरत होता. पलीकडे टायपिस्टबाई टकटक करत होत्या. मापसाहेबांनी डबा पुन्हा हातात घेतला. 'खोकं' हा त्यांचा आयुष्यभराचा शत्रू. केकवाले खोक्यासकट केक तोलत म्हणून त्यांनी अर्ध्या बाजारावर खटले भरले होते. खोकं वेगळं, माल वेगळा! हे वाक्य त्यांनी एवढ्या वेळा उच्चारलं होतं की झोपेतही म्हणत, असं वहिनी सांगत.

"अंड्यात किती असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

टायपिस्टबाईंनी फोनवर बघितलं. "पांढऱ्यात ना? शंभर ग्रॅमला अकरा."

"आणि बाकीचं?"

"पाणी."

मापसाहेबांनी मनात हिशेब मांडला. पासष्टाला साधारण सात. महिनाभर ते पाण्यासकट अंडं तोलत होते. खोक्यासकट केक. रोज सात ग्रॅम प्रथिनं, आणि वर एक ग्रॅम पाणी बायकोच्या बशीत काढून ठेवायचे, प्रामाणिकपणा म्हणून.

वहिनींना सगळं कळलं होतं. त्यांच्या ओठांवर तेहतीस वर्षांचं 'मी सांगत होते' येऊन उभं राहिलं होतं. त्यांनी ते गिळलं. स्वतःच्या आयुष्यातलं सगळ्यात जड ऑपरेशन तेच, किडनीचं नव्हे, असं त्या पुढे सगळ्या इमारतीला सांगत असत.

"चला," मापसाहेब उठून म्हणाले. "अंडी घ्यायची आहेत."

आहारवाल्या मॅडमना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, मी सांगितलं होतं हो, पासष्ट ग्रॅम म्हणजे अन्नाचं वजन नव्हे." मग त्यांनी सावकाश, वहिनींना वहीत उतरवून घेता येईल असं, पुन्हा सांगितलं. रोज सहा अंड्यांचा पांढरा भाग. शंभर ग्रॅम शिजवलेला मासा किंवा चिकन. वाटीभर दही. उरलेलं भात, ब्रेडमधून येतं. रस्सा नको, पाणी मापातच. आणि अन्नातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणानंतर तासाने नाही, जेवतानाच.

इथून खरी लढाई सुरू झाली, कारण आजारामुळे मापसाहेबांच्या जिभेला सगळं लोखंडासारखं लागत होतं. पहिल्या दिवशी तिसऱ्या अंड्यानंतर मापसाहेबांनी बशी सरकवली. वहिनी समोर बसल्या. हातात वही.

"तीन राहिली."

"नंतर."

"नंतर म्हणजे किती वाजता? लिहिते."

माणूस ज्या शस्त्राने जग जिंकतो, त्यानेच घरात हरतो. मापसाहेबांनी चौथं तोंडात टाकलं. पांढरं मिरपूड लावून, लिंबू पिळून, किसून, ब्रेडमध्ये दाबून, तव्यावर पसरून, वहिनींनी अंड्याला जितके वेश दिले तितके नटालाही मिळत नसतील.

मग बलकांचा प्रश्न आला. रोज सहा बलक, आठवड्याला बेचाळीस. टाकायचे तर पाप. वहिनींनी ते काकूंना दिले. काकूंनी केक केला. काल विष म्हणणाऱ्या काकू आज सकाळी आठलाच वाटी घेऊन दारात. "आजची पिवळी झाली का गं?" इमारतीत केकच केक झाले. पोस्टमनला केक, मीटर वाचणाऱ्याला केक. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस पैलवानाला त्याच्याच पट्ट्यात नवीन भोक पाडावं लागलं, आणि तो मापसाहेबांना म्हणाला, "साहेब, तुम्ही बारीक, मी जाड, आणि औषध तुम्हाला चालू!"

डायलिसिसच्या दिवशी मात्र घोटाळा होई. जाण्यायेण्यासकट सहा तास, आणि यंत्रावर असताना खायला बंदी. खाल्लं की काहींचा रक्तदाब धाडकन खाली येतो, हे सिस्टरांचं म्हणणं रास्तच. पण त्यात दोन अंडी बुडत. मापसाहेबांनी लेखी परवानगी मागितली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांचं पत्र आणा. डॉक्टर म्हणाले, आहार विभागाची शिफारस आणा. आहार विभाग म्हणाला, वॉर्डची हरकत नाही असं वॉर्डने लिहून द्यावं. तीन आठवडे मापसाहेब हे वर्तुळ फिरले आणि प्रत्येक टेबलाशी त्यांना आपण स्वतः खुर्चीत असताना लोकांना असंच फिरवत होतो की काय, अशी शंका चाटून जाई. त्यांनी ती झटकली. आपलं वर्तुळ एवढं मोठं नव्हतं.

शेवटी ड्रायव्हरकाकांनीच तोडगा काढला. "सिस्टर, हे अंडं यंत्राआधी अर्धा तास बाहेर बाकावर खातील. बाक काही तुमच्या वॉर्डात येत नाही." मोठ्या सिस्टरनी बाकाकडे पाहिलं, नियमाकडे पाहिलं. "सालं उचलायची," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. पुढच्या आठवड्यापासून त्या बाकावर पाचजण अंडी सोलत बसलेले दिसायला लागले.

महिना झाला, तीन पूर्णांक शून्य. मापसाहेब जिना एका दमात दोन मजले चढले. दुसरा महिना, तीन पूर्णांक तीन. तिसऱ्या महिन्यात मापसाहेबांना चिकनचा नुसता वास आला तरी डोळ्यांत पाणी येई, पण वहीतला एकही रकाना कोरा राहिला नाही. त्या महिन्याचा कागद वहिनींनी आधी बघितला, मग घडी घालून नवऱ्याच्या खिशात ठेवला. तीन पूर्णांक सहा. काकूंना त्यांनी फोन केला नाही. घरी येईपर्यंत केला नाही, एवढं म्हणू.

सर्जन म्हणाले, ठीक. आता समितीची मंजुरी. अवयव देणारा राजीखुशीने देतो आहे ना, हे समिती दोघांना वेगवेगळं बोलावून विचारते. दहाची वेळ. दोघं साडेनऊला हजर. साडेबारापर्यंत कुणी हाक मारली नाही. मग वहिनींना आत घेतलं. दार नीट लागत नव्हतं.

"बाई, घाबरू नका," आतून अध्यक्षांचा आवाज आला. "मोकळेपणाने सांगा. या प्रकरणात कुणी कुणावर जबरदस्ती केली आहे का?"

"झाली आहे ना साहेब."

बाहेर मापसाहेब उठून दाराशी आले. आत कुणाची तरी खुर्ची सरकली.

"कुणी केली?"

"मी. तीन महिने. रोज सहा अंडी. नको म्हणायचे, डोळ्यांत पाणी आणायचे, तरी सोडलं नाही. आता एवढं सगळं घशाखाली घातल्यावर तुम्ही नाही म्हणालात, तर मात्र मी काय करीन ते सांगता येत नाही."

आत आधी एकजण हसला, मग सगळे. थोड्या वेळाने मापसाहेबांना आत बोलावलं. अध्यक्ष डोळे पुसत होते. समोर कागद, शेजारी शिक्का.

"तुमची काही तक्रार आहे का?"

मापसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती नेहमीप्रमाणे फरशी बघत होती.

"आहे," मापसाहेब म्हणाले. "माझी अकराची दोन अंडी राहिली आहेत. तुम्ही दहाला बोलावलंत आणि आता एक वाजला. शिक्का मारा लवकर, ही वहीत लिहून ठेवते."